शुगर असेल तर हाताला लागलेला काटा बारीक समजू नका



हंगाम सुरू झाला की आपल्या पेजवर दर, हवामान आणि डिझेल यांच्याच पोस्ट जास्त असतात. आजची पोस्ट वेगळी आहे. थोडी लांब आहे, पण ज्यांच्या घरात कोणाला शुगर आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आपल्या संस्थेचे एक ज्येष्ठ सभासद आहेत. नाव लिहीत नाही, काका म्हणूया. बारा वर्षांपासून शुगर. गोळ्या चालू, पण समुद्रावर असले की कधी घेतल्या, कधी राहिल्या. जाळ्यातून मासळी सोडवताना शिंगाळ्याचा काटा उजव्या हाताच्या मधल्या बोटाला लागला. रक्त थेंबभर आलं. काकांनी हात खाऱ्या पाण्यात बुडवला, पंचाला पुसला आणि काम पुढे चालू. घरी काकी म्हणाल्या, दाखवून या. काका म्हणाले, "काय नाय गो, काटो लागलो, दोन दिवसांत बरो होतलो."

दुसऱ्या दिवशी नातीच्या बारशासाठी काका-काकी सावंतवाडी, आंबोली, बेळगाव करत धारवाडला लेकीकडे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी लेक त्यांना घेऊन सुभाष रोडला गेली. धारवाडचा तो मोठा बाजार. बारशाचं कापडचोपड घेऊन झालं. दुकानात पैसे मोजताना काकांच्या लक्षात आलं की नोटा धरायला बोटं मिटत नाहीत. हाताची मागची बाजू पुरीसारखी फुगली होती. अंगठी बोटात रुतली होती. लेकीने विचारलं, "बाबा, दुखत नाही का?" काका म्हणाले, "तसं काही दुखत नाही, जरा जड वाटतंय."

तो अख्खा दिवस तसाच गेला. संध्याकाळी थंडी वाजून ताप आला. काकांचा हट्ट एकच, सकाळची गाडी पकडून गावी जाऊ, आपला डॉक्टर बघेल. लेकीने ऐकलं नाही. रात्रीच हॉस्पिटलात नेलं. शुगर चारशेच्या वर. त्याच रात्री तळहात उघडून पू काढावा लागला, आत काट्याचा तुकडा सापडला. दोन दिवसांनी परत साफसफाई. मधल्या बोटाची दोन पेरं गेली. डॉक्टरांनी लेकीला सांगितलं, हे गाडीत बसून गावी गेले असते तर प्रश्न बोटाचा राहिला नसता.

काकांच्या परवानगीनेच हे लिहितो आहोत. ते म्हणाले, "माझा झाला ता झाला, दुसऱ्याचा होव नये."

पाय माहीत आहे, हात माहीत नाही

शुगरवाल्यांनी पायाची काळजी घ्यावी हे आता आपल्याकडे बहुतेकांना माहीत आहे. गँगरीन, बोट कापलं, पाय कापला, असं प्रत्येक वाडीत एकाचं तरी ऐकलेलं असतं. पण हाताचंही तसंच होऊ शकतं, हे कोणी फारसं सांगत नाही.

डॉक्टरी भाषेत याला 'ट्रॉपिकल डायबेटिक हँड' असं नावच आहे. म्हणजे उष्ण प्रदेशातल्या मधुमेही माणसाचा हात. १९८४ साली आफ्रिकेतल्या नायजेरियातून असे रुग्ण नोंदले गेले. पुढे टांझानियाच्या दार-एस-सलाम या बंदराच्या शहरात असे बरेच रुग्ण आढळले, आणि २००२ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण खात्यानेही त्यावर अहवाल छापला. आपल्या देशातूनही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. गोष्ट सगळीकडे जवळपास तीच आहे. एखादा ओरखडा, किड्याचा चावा, काटा किंवा सुई. दुखत नाही म्हणून घरीच बसणं. आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत झालेला उशीर.

आपल्या पट्ट्यात शुगर किती आहे तेही बघा. २०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे आले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आणि सगळ्यात जास्त प्रमाण निघालं ते आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे दर चार मोठ्या माणसांत एकाला. आपलं खाणंपिणं आणि राहणं गोव्यापेक्षा किती वेगळं आहे, ते तुम्हीच ठरवा.

शुगरने असं का होतं?

तीन कारणं आहेत.

पहिलं, रक्तात साखर जास्त असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्त होतात. शिपाई असतात, पण जागेवर उशिरा पोचतात आणि पोचले तरी नीट लढत नाहीत.

दुसरं, बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतात. त्यामुळे जखमेकडे रक्त कमी जातं, आणि आपण घेतलेलं औषधसुद्धा रक्तातूनच जातं.

तिसरं आणि सगळ्यात फसवं, नसा बधिर होतात. जिथे साध्या माणसाला रात्रभर ठणका लागला असता, तिथे शुगरवाल्याला नुसतं जड वाटतं. दुखत नाही याचा अर्थ बरं आहे असा नाही. काका इथेच फसले.

यात आणखी एक फेरा आहे. जंतुसंसर्ग झाला की शुगर आणखी वाढते, शुगर वाढली की संसर्ग आणखी पसरतो. म्हणून एरवी दीडशे-दोनशे असणारा माणूस अशा वेळी चारशेवर जातो. काही जणांना तर आपल्याला शुगर आहे हे हात सुजल्यावरच पहिल्यांदा कळतं.

हातातच इतक्या लवकर का पसरतं?

हात म्हणजे मांसाचा गोळा नाही. बोटं वळवतात त्या पांढऱ्या दोऱ्या, ज्यांना आपण शिरा म्हणतो आणि डॉक्टर कंडरा म्हणतात, त्या प्रत्येक बोटात एका बंद नळीतून जातात. काटा त्या नळीत गेला की पू नळीतूनच सरकतो. मधल्या तीन बोटांच्या नळ्या तळहातापाशी संपतात. तिथे त्या फुटल्या की पू तळहाताच्या खोल पोकळीत उतरतो. काकांचं हेच झालं. अंगठ्याची आणि करंगळीची नळी बहुतेकांत थेट मनगटापर्यंत जाते आणि तिथे दोन्ही जवळ येतात. म्हणून काटा अंगठ्याला लागलेला असतो आणि सूज करंगळीला येते, असंही होतं.

बंद नळीत पू भरला की दाब वाढतो, दोरीला रक्त मिळत नाही आणि ती मरते. मेलेली दोरी परत येत नाही. बोट राहिलं तरी ते वळत नाही. म्हणून हाताच्या बाबतीत हिशोब दिवसांचा नसून तासांचा असतो.

अजून एक गोष्ट. तळहाताची कातडी जाड आणि घट्ट असते, ती फुगत नाही. पू तळहातात असला तरी सूज हाताच्या मागच्या बाजूला दिसते. त्यामुळे माणूस चुकीच्या बाजूला बघत बसतो.

शिकागोचे सर्जन अॅलन कानावेल यांनी हाताच्या संसर्गावर १९१२ साली पुस्तक लिहिलं. नळीत पू झाल्याच्या त्यांच्या नावाच्या चार खुणा डॉक्टर आजही बघतात:

१. बोट अर्धवट वाकलेलं राहतं
२. एकाच पेराला नाही, तर सगळ्या बोटाला सारखी सूज
३. बोटाच्या तळव्याकडच्या बाजूला नळीच्या रेषेत दाबलं की दुखतं
४. दुसऱ्याने बोट हळूच सरळ केलं की जीव जातो असं दुखतं

शुगरवाल्यांत शेवटच्या दोन खुणा पुसट असू शकतात. म्हणून वाकलेलं आणि सुजलेलं बोट दिसलं की तेवढ्यावरच निघा.

आपल्या धंद्यातले जंतू

बऱ्याचदा त्रास देणारे जंतू साधेच असतात, सगळ्यांच्या कातडीवर असणारे. शुगरवाल्यांत एकापेक्षा जास्त जातींचे जंतू मिळून हल्ला करतात. पण आपल्या कामात काही खास जंतू आहेत, ते ओळखून ठेवा.

व्हिब्रिओ व्हल्निफिकस. कॉलऱ्याच्या जंतूचा भाऊबंद. गरम समुद्राच्या पाण्यात, विशेषतः खाडीच्या तोंडाशी जिथे गोडं पाणी मिसळतं तिथे राहतो. कालवं काढताना, कुर्ल्या पकडताना झालेल्या कापातून आत जातो. हा सगळ्यात घातक. एक-दोन दिवसांत हात लाल-जांभळा होतो, काळपट पाण्याचे फोड येतात, ताप येतो, रक्तदाब पडतो. याची लागण झालेल्या पाचातला साधारण एक दगावतो, कधी आजारी पडल्यापासून एक-दोन दिवसांतच. शुगर, लिव्हरचा आजार आणि जास्त दारू असलेल्यांना धोका जास्त. असं सगळ्यांनाच होत नाही, हा आजार विरळाच आहे, पण झाला तर वेळ देत नाही.

मासेवाल्यांचा लाल हात. 'एरिसिपेलोथ्रिक्स' नावाच्या जंतूमुळे होतो. मासळी कापल्यावर दोन ते सात दिवसांत बोटावर जांभळट लाल चट्टा येतो, आग होते, खाज येते. पेनिसिलिनने बहुधा बरा होतो, पण दाखवायला हवा.

मायकोबॅक्टेरियम मरिनम. हा क्षयरोगाच्या जंतूच्या कुळातला, पण फुफ्फुसाचा क्षय करत नाही. याला गारवा आवडतो म्हणून हाताच्या कातडीत राहतो. काटा लागल्यावर दोन-चार आठवड्यांनी एक गाठ येते, मग हातावर रांगेत वर वर गाठी येतात. साध्या अँटिबायोटिकने जात नाही, काही महिने औषध लागतं. आपण मासळीत काम करतो हे डॉक्टरला सांगितलं नाही, तर हा आजार कित्येक दिवस ओळखूच येत नाही.

तलाव आणि धरणात मासेमारी करणाऱ्या बांधवांनीही निर्धास्त राहू नये. गोड्या पाण्यात 'एरोमोनास' नावाचा जंतू असतो, तोही जखमेतून असाच वेगाने पसरतो.

काटा लागला, कापलं, तर लगेच काय करायचं?

- काम थांबवा. साबण आणि स्वच्छ गोड्या पाण्याने पाच-दहा मिनिटं जखम धुवा. समुद्राच्या पाण्याने धुणं म्हणजे धुणं नव्हे.
- अंगठी, बांगड्या, घड्याळ, मनगटाचा दोरा लगेच काढा. सूज आल्यावर निघत नाही आणि बोटाचं रक्त अडतं. त्या वेळी सोन्याचा मोह धरू नका, कापावी लागली तर कापा.
- वर दिसणारा काटा स्वच्छ चिमट्याने काढा. आत मोडला असेल तर उकरू नका, डॉक्टरकडे जा.
- कोरडी स्वच्छ पट्टी बांधा. हात खाली लोंबता न ठेवता छातीच्या वर ठेवा.
- शिंगाळा किंवा वागळीचा काटा विषारी असतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास हात बुडवला की कळ कमी होते. पण शुगरवाल्याने पाणी स्वतः तपासू नये. बधिर हाताला चटका कळत नाही, काट्यावर भाजणं वाढतं. दुसऱ्या माणसाने आपला कोपर घालून बघावं. आणि कळ गेली म्हणजे जंतू गेले असं नाही, पुढची काळजी तशीच घ्यायची.
- धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा. आठवत नसेल तर डॉक्टरला तसं सांगा.
- शुगर तपासा. हात धुऊन, पुसून, दुसऱ्या हाताच्या बोटाची तपासा.
- लाली किंवा सूज आली तर तिच्या कडेने पेनने रेघ मारा आणि वेळ लिहा. रेघेच्या बाहेर गेली की निघायचं.

हे करू नका

- हळद, तंबाखू, चुना, राख, डिझेल, इंजिन ऑइल यातलं काही जखमेवर लावू नका. रक्त थांबेल कदाचित, पण घाण आत जाईल.
- ब्लेडने किंवा सुईने स्वतः फोडू नका.
- घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन 'बघूया' म्हणू नका. अर्धवट औषधाने वरून बरं दिसतं आणि आत पू वाढतो.
- दुखण्याच्या गोळ्यांवर दिवस काढू नका. ताप आणि ठणका झाकला जातो, आणि शुगरवाल्यांच्या किडनीवर भार येतो.
- जेवण जात नाही म्हणून इन्शुलिन किंवा शुगरच्या गोळ्या मनाने बंद करू नका. डॉक्टरला विचारा.

कधी थांबायचंच नाही?

शुगर आहे आणि हाताला लागलंय, तर लाली किंवा सूज दिसली त्याच दिवशी डॉक्टर. उद्या सकाळी नाही.

आणि खालचं एकही दिसलं तर रात्र असो, परगाव असो, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल:

- बोट वाकून राहिलंय, मूठ वळत नाही
- हाताच्या मागे सूज, किंवा लाल रेघ कोपराकडे चढतेय
- काळा-जांभळा डाग, पाण्याचे किंवा रक्ताचे फोड, घाण वास
- दाबलं की कातडीखाली कुरकुर लागते
- थंडी-ताप, उलट्या, धाप, गुंगी, बरळणं
- जखम एवढीशी आणि दुखणं मात्र जीवघेणं

१०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात आहे तशी कर्नाटकातही आहे. परमुलखात असलात तर 'आपल्या गावचा डॉक्टर' हा विचार सोडा. आपला डॉक्टर चांगलाच आहे, पण मधले सहा-आठ तास हाताला परवडणारे नसतात. प्रवासात आधार, रेशनकार्डाची प्रत, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि पंतप्रधान आयुष्मान कार्ड असेल तर तेही जवळ ठेवा. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातही योजनेत असलेल्या हॉस्पिटलात चालतं.

हॉस्पिटलात गेल्यावर

डॉक्टर विचारो न विचारो, ही पाच वाक्यं सांगा: मला शुगर आहे. मी मासळीत काम करतो. अमुक माशाचा काटा, अमुक दिवशी लागला. खारं (किंवा गोडं) पाणी लागलं होतं. या गोळ्या चालू आहेत, या औषधाची अॅलर्जी आहे. यावरून औषध बदलतं. साध्या जखमेचं अँटिबायोटिक आणि समुद्रातल्या जंतूचं अँटिबायोटिक एकच असेल असं नाही.

एक्स-रे काढतील, काट्याचा तुकडा किंवा हाडाचा संसर्ग बघायला. पू तपासणीला पाठवतील. शुगर उतरवायला बऱ्याचदा इन्शुलिन लागतं. गोळ्यांवर असलेले लोक त्याला घाबरतात, 'एकदा सुरू झालं की जन्मभर' म्हणतात. तसं नाही. बऱ्याच जणांचं संसर्ग गेल्यावर पुन्हा गोळ्यांवर येतं.

पू असेल तर तो काढावाच लागतो. नुसत्या सलाईनने आणि इंजेक्शनने बंद जागेतला पू जात नाही. 'चिरफाड नको, औषधाने बघा' असं म्हणून घरच्यांनी सही अडवून ठेवली की नुकसान हाताचंच होतं. एकदा उघडून भागत नाही, दोन-तीनदा साफ करावं लागतं, तेव्हा घाबरून घरी पळू नका.

जखम भरली की काम संपलं असं नाही. डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून बोटांचा व्यायाम करायचा. दुखतं म्हणून बोट हलवलं नाही तर ते आखडतं, आणि आखडलेल्या बोटाने ना दोरी धरता येते ना गरी.

रोजच्या रोज काय?

आपले हात दिवसभर ओले, वर बर्फात. बर्फाने हात आधीच सुन्न असतात, त्यात शुगरची बधिरता. कापलेलं घरी गेल्यावर कळतं, कधी कळतच नाही. म्हणून रोज संध्याकाळी उजेडात दोन्ही हात नीट बघा. तळवा, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. डोळ्यांना कमी दिसत असेल तर मुलांना बघायला सांगा. पायांचंही तसंच.

मासळी कापणाऱ्या, विकणाऱ्या भगिनींना खास सांगणं. नखुरडं झालं की गरम शेक देऊन आठवडा काढायची आपल्याकडे सवय आहे. शुगर असेल तर नखुरडंही त्याच दिवशी दाखवा. बोटाला भेग असेल तर त्या दिवशी कापायला दुसऱ्या कोणाला बसवा.

हातमोज्यांनी काम होत नाही असं सगळेच म्हणतात. जाड मोज्यांनी नाहीच होत. पण आत कापाला दाद न देणारे पातळ विणीचे आणि वर रबराचे असे दोन घातले तर बरंच काम होतं. काटा पूर्ण अडेल असं नाही, जखम उथळ होते. मोजे रोज धुऊन वाळवा, ओले मोजे म्हणजे जंतूंचं घर.

तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी तपासणी करत राहा. बऱ्याच जणांना ती ७ च्या आसपास ठेवायला सांगतात, वय आणि इतर आजार बघून तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील. समुद्रावर जाताना गोळ्या डब्यात भरून तांडेलाला सांगून ठेवा.

तांडेल आणि मालकांना विनंती. प्रत्येक होडीवर साबण, गोड्या पाण्याचा पाच लिटरचा वेगळा कॅन, चिमटा, पट्टी आणि पेन ठेवा. खर्च एका वेळच्या चहापाण्याएवढा. कोणत्या खलाशाला शुगर आहे हे माहीत करून घ्या, आणि त्याने हात दाखवला तर 'एवढ्याशा काट्यासाठी काय' असं म्हणू नका. माणूस दुखणं लपवतो ते बऱ्याचदा आजची हजेरी बुडेल म्हणून. ते वाक्य आपल्या तोंडून गेलं नाही, तर तो वेळेवर जाईल.

काका आता घरी आहेत. शुगर ताब्यात आहे. अंगणात बसून जाळं दुरुस्त करतात, गाठ मारायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. नातीचं बारसं त्यांना हॉस्पिटलात फोनवर बघावं लागलं. परवा भेटायला गेलो तेव्हा त्यांनी आधी आमचेच हात उलटेपालटे करून बघितले.

तुम्हीही आज घरी गेल्यावर घरातल्या शुगरवाल्या माणसाचे हात तसेच बघा. आणि ही पोस्ट आपल्या होडीच्या, रापणीच्या ग्रुपवर पाठवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

आपली मच्छीमार सहकारी संस्था